आधी गोळी थांबवा, मग दाढ काढू

गायीची शिंगे कापणे हे उत्तर अमेरिकेतल्या शेतकऱ्याला किरकोळ काम. कळपात जनावरांनी एकमेकांना भोसकू नये म्हणून ती कापायची, थोडे रक्त यायचे, काही वेळात गोठायचे आणि गाय पुन्हा चाऱ्याला लागायची. १९२० नंतर मात्र कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हे रक्त थांबेनासे झाले. शिंगे कापलेल्या २२ गायींपैकी २१ दगावल्या, खच्ची केलेल्या २५ गोऱ्ह्यांपैकी १२ गेले, अशी त्या काळातली एक नोंद पुढे वारंवार सांगितली गेली. ज्यांना चाकू लागलाही नव्हता अशी जनावरेसुद्धा कातडीखाली रक्त साठून मरू लागली. साथ म्हणावी, तर ताप नाही आणि जंतूही सापडेना.

आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावी दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारले जाते, ‘काका, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?’ काका हो म्हणाले की पुढचे वाक्य ठरलेले असते: ‘मग आधी ती थांबवा, पाच दिवसांनी या, मग दाढ काढू.’ या वाक्यामागची भीती थेट त्या गोठ्यांतून चालत आलेली आहे. गोठ्यात ती खरीच होती. दातांच्या खुर्चीत ती किती खरी आहे, हे तपासायला वैद्यकाला चार दशके लागली, आणि तो निकाल आपल्या तालुक्याच्या गावी अजूनही पुरता पोचलेला नाही.

गायींचे कोडे सोडवायला पहिल्यांदा बसला तो फ्रँक स्कोफील्ड. ऑन्टारिओमधल्या ग्वेल्फच्या पशुवैद्यक महाविद्यालयात तो विकृतिशास्त्र शिकवत असे. माणूस विलक्षण होता. पोलिओने अधू झालेला हा पशुवैद्य मिशनऱ्यांबरोबर कोरियात गेला, १९१९ साली जपानी राजवटीविरुद्ध तिथे उठाव झाला तेव्हा सायकलवर फिरून त्याने जळालेल्या खेड्यांची छायाचित्रे काढली, आणि त्यामुळेच आज त्याची कबर कॅनडात नसून सोलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत आहे. तर या स्कोफील्डने चाऱ्यावर बोट ठेवले. शेतकरी जनावरांना स्वीट क्लोव्हर घालत असत. हा आपल्या लसूणघासाच्या कुळातला, स्वस्त आणि थंडीत तगणारा चारा. त्या वर्षांत पाऊस-पाणी असे झाले की कापून रचलेला हा चारा ओला राहून बुरसला. स्कोफील्डने काही सशांना चांगला चारा दिला आणि काहींना बुरसलेला. बुरसलेला चारा खाल्लेले ससे रक्तस्रावाने मेले. नॉर्थ डकोटात ली रॉडरिक या पशुवैद्याने पुढची पायरी दाखवली: या जनावरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन नावाचा, रक्त गोठवणारा घटक फार कमी झालेला असतो.

उपाय दोन होते. बुरसलेला चारा घालू नका, किंवा आजारी जनावराला निरोगी जनावराचे रक्त द्या. पण मंदीच्या दिवसांत घरात दुसरा चारा नसलेल्या शेतकऱ्याला यातला पहिला उपाय सांगणे म्हणजे थट्टाच होती.

१९३३ च्या फेब्रुवारीत, एका शनिवारी, विस्कॉन्सिन राज्यातल्या डिअर पार्क गावचा एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून सुमारे १९० मैल गाडी हाकत मॅडिसनला पोचला. गाडीत एक मेलेली कालवड होती, न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन होता आणि जवळजवळ शंभर पौंड बुरसलेला चारा होता. त्या हिवाळ्यात त्याची बरीच जनावरे गेली होती आणि घरी बैलाच्या नाकातून रक्त गळत होते. त्याला सरकारी पशुवैद्य गाठायचा होता, पण शनिवार असल्याने ते कार्यालय बंद होते. उघडे सापडले ते विद्यापीठातल्या जीवरसायनशास्त्राच्या कार्ल पॉल लिंक या प्राध्यापकाचे दार. लिंकजवळ कार्लसनला देण्यासारखे काहीच नव्हते. चारा बदला, रक्त द्या, एवढेच तो सांगू शकला, आणि कार्लसन तसाच परत गेला. लिंकचा साहाय्यक ऑयगेन श्योफेल मात्र त्या कॅनपाशी रेंगाळला. रक्तात हात घालून तो ढवळत राहिला, गुठळी होते का पाहत राहिला, आणि असल्या माणसाला नुसता सल्ला देऊन परत पाठवणारे हे कसले शास्त्र, म्हणून आपल्या प्राध्यापकासमोर धुसफुसत राहिला. ही हकीकत लिंकनेच पुढे १९५९ साली लिहून ठेवली. तो स्वतः लांब केस आणि झगमगीत पोशाखाचा षौकीन, गोष्ट रंगवून सांगणारा माणूस. तेव्हा तिच्यात थोडा मीठमसाला असेलही. पण त्या दुपारपासून लिंकची प्रयोगशाळा या प्रश्नाला भिडली, हे खरे.

सहा वर्षे गेली. १९३९ साली हॅरोल्ड कॅम्पबेल या विद्यार्थ्याच्या हाती बुरसलेल्या चाऱ्यातला तो पदार्थ स्फटिकरूपात लागला. ताज्या कापलेल्या गवताचा गोड वास ज्या कूमारिनमुळे येतो, त्यातूनच बुरशीच्या करणीने तो तयार होतो. त्याचे नाव पडले डायकूमारॉल. १९४१ साली मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी तो माणसांना देऊन पाहिला. पायाच्या नसांत गुठळ्या होणारे, शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसात गुठळी जाऊन अचानक मरणारे असे हजारो रोगी तेव्हा होते, आणि त्यांच्यासाठी हाताशी होते फक्त हेपॅरिन. ते महाग होते आणि सुईनेच द्यावे लागे. आता गिळता येईल असे औषध मिळाले.

पुढची हकीकत बऱ्याच वाचकांना ऐकून माहीत असेल. लिंक क्षयाने आजारी पडून आरोग्यधामात होता तेव्हा त्याच्या डोक्यात आले की याच कुळातले एखादे जोरकस संयुग उंदीर मारायला वापरता येईल. १९४८ साली ते बाजारात आले. संशोधनाला पैसे देणाऱ्या विस्कॉन्सिन अलम्नाय रिसर्च फाउंडेशनच्या आद्याक्षरांवरून त्याला वॉरफरिन म्हणू लागले. १९५१ साली अमेरिकन लष्करात भरती झालेल्या एका तरुणाने आत्महत्या करण्यासाठी ५६७ मिलिग्रॅम वॉरफरिन खाल्ले, आणि रक्त व के जीवनसत्त्व देऊन तो पूर्ण बरा झाला. विष उतरवता येते, म्हणजे ते औषध म्हणून देता येईल, असा धडा डॉक्टरांनी यातून घेतला. १९५४ साली माणसांसाठी परवानगी मिळाली. १९५५ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डेन्व्हरमध्ये हृदयविकाराचा झटका आला, त्यांनाही हे औषध दिले गेले, आणि मग उंदराच्या विषाला कोणी नावे ठेवायचे कारण उरले नाही. १९६० साली ऑरेगनमध्ये अल्बर्ट स्टार यांनी लोवेल एडवर्ड्स या अभियंत्याबरोबर बनवलेली कृत्रिम झडप हृदयात बसवली. धातूच्या झडपेवर रक्त गोठू पाहते, त्यामुळे असल्या रोग्याला गोळी जन्मभराची झाली.

जन्मभर म्हटले की त्यात दातही आले.

दाताच्या डॉक्टरची तेव्हाची स्थिती समजून घेतली पाहिजे. समोर साठीचा माणूस आहे, दाढ किडून गालाला सूज आली आहे आणि त्याच्या रक्तात गायींना मारणारे औषध फिरते आहे. १९५७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये डायकूमारॉल चालू असताना दात काढल्यावर भयंकर रक्तस्राव झाल्याचा वृत्तांत छापून आला. असा एक वृत्तांत शंभर दवाखान्यांत फिरतो. ज्या रोग्यांचे दात निमूटपणे निघाले आणि रक्त निमूटपणे थांबले, त्यांच्यावर लेख लिहायला कोण बसणार? गोळी थांबवण्याचा रिवाज पडला आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

विरोधी मत लगेच मांडले गेले होते, हे मुद्दाम सांगायला हवे. न्यूयॉर्कचे स्टॅन्ले बेरमन आणि हृदयरोगातले मोठे नाव असलेले आयर्विंग राइट यांनी १९६१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात, गोळी चालू ठेवूनच दातांची शस्त्रक्रिया करता येते, असे लिहिले. १९६६ साली लॅन्सेटमध्येही त्याच विषयावर लेख आला. दुसरीकडे, गोळी अचानक तोडली तर रक्त उलट जास्तच गोठू पाहते का, यावर हृदयरोग आणि मेंदूविकारवाल्यांत वाद सुरू झाला. तो कधी नीट मिटला नाही. पण तो बाजूला ठेवला तरी साधा हिशेब उरतोच. वॉरफरिन रक्त ‘पातळ’ करत नाही. यकृतात के जीवनसत्त्वाच्या मदतीने गोठणघटक बनतात, त्यांतल्या चारांचे उत्पादन ते रोखते. गोळी थांबवली की हे घटक पुन्हा भरून यायला चार-पाच दिवस लागतात, आणि दाढ काढल्यावर गोळी सुरू केली की तिचा अंमल बसायला पुन्हा तितकेच. म्हणजे ‘पाच दिवस’ म्हणून सांगितलेली सुट्टी प्रत्यक्षात आठवडा-दीड आठवड्याची होते, आणि तेवढे दिवस धातूची झडप उघड्यावर पडते.

याच्याही थोडे आधी कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल गावात लॉरेन्स क्रेव्हन नावाचा एक साधा डॉक्टर टॉन्सिल काढत असे. घसा दुखू नये म्हणून तो रोग्यांना ॲस्पिरिन घातलेले च्युइंगगम चघळायला देई. त्याच्या लक्षात आले की जे रोगी हे गम भरमसाट चघळतात, त्यांच्या घशातून रक्त जास्त येते. दुसऱ्या कोणी गम बंद केले असते आणि विषय संपवला असता. क्रेव्हनने उलटा विचार केला: ॲस्पिरिनने रक्त गोठणे कमी होत असेल, तर हृदयाच्या धमनीत गुठळी होणेही कमी व्हायला हवे. तो आपल्या पुरुष रोग्यांना रोज ॲस्पिरिन देऊ लागला. १९५० साली त्याने सुमारे ४०० जणांचा अनुभव लिहिला, १९५६ पर्यंत आकडा ८,००० वर नेला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, लेख छापले गेले ते किरकोळ नियतकालिकांत. कोणी दखल घेतली नाही, आणि १९५७ साली क्रेव्हन स्वतः हृदयविकारानेच गेला. १९७१ साली लंडनमध्ये जॉन वेन यांनी ॲस्पिरिन नेमके काय करते ते दाखवले, १९८२ साली त्यांना नोबेल मिळाले, आणि क्रेव्हनचे म्हणणे मुळात बरोबर होते हे नंतरच्या मोठ्या चाचण्यांतून दिसले. तोंडातल्या रक्तस्रावाने हृदयाचे औषध सुचवले, आणि मग तोंडातल्या रक्तस्रावाच्याच भीतीने कित्येक वर्षे ते औषध दात काढण्याआधी बंद केले जात होते.

दातवाल्यांच्या भीतीला एक खरे कारण होते, आणि त्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. रक्त किती वेळात गोठते हे मोजायची चाचणी मिलवॉकीच्या आर्मंड क्विक यांनी १९३५ साली बसवली होती. रोग्याच्या रक्तद्रवात मेंदूच्या ऊतीचा अर्क घालायचा आणि सेकंद मोजायचे. हा अर्क कुठे माणसाच्या मेंदूचा असे, तर कुठे सशाच्या. अर्क बदलला की सेकंद बदलत. ब्रिटनमध्ये मँचेस्टरच्या लिऑन पोलर यांनी सगळ्या देशासाठी एकच अर्क पुरवायला घेतला होता. अमेरिकेत मात्र कंपन्यांचे मंद अर्क वापरात आले, आकडा कमी दिसे, आणि डॉक्टर तो ‘योग्य’ करायला गोळी वाढवत. त्यामुळे एकाच आजारासाठी अमेरिकन रोग्याच्या पोटात इंग्रज रोग्यापेक्षा जास्त वॉरफरिन जात होते आणि कागदावर दोघांचे आकडे सारखे दिसत होते. अशा रोग्याची दाढ काढल्यावर रक्ताचा पाट वाहिला, तर दोष दाढेला द्यायचा की मात्रेला? १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळे अर्क एका मापावर आणणारी पद्धत स्वीकारली. तीच आयएनआर. गोळी न घेणाऱ्याचा आयएनआर १ च्या आसपास, बहुतेक रोग्यांसाठी लक्ष्य २ ते ३, धातूच्या काही झडपांसाठी त्याहून थोडे वर. आता मुंबईतला ३ आणि मँचेस्टरचा ३ एकच झाला.

दात निघाल्यावर जबड्यात राहणारा खळगा ही शरीरातली मोठी सोयीची जखम आहे, असे दातांचे शल्यचिकित्सक सांगतात. ती दिसते. तिला हाडाच्या भिंती आहेत. तिच्यात औषधी स्पंज कोंबता येतो, वरून टाका घालता येतो, कापसाचा किंवा गॉझचा बोळा ठेवून रोग्याला वीस-तीस मिनिटे दात आवळून बसायला सांगता येते, आणि काहीच नसेल तर अंगठ्याने दाबून धरता येते. पोटातल्या किंवा मेंदूतल्या रक्तस्रावाला यातले काहीच करता येत नाही. तोंडाचा एक तोटा मात्र आहे. लाळेत गुठळी विरघळवणारी द्रव्ये असतात. वॉरफरिनवर असलेल्या रोग्याची गुठळी आधीच कच्ची, त्यात ती लाळेत भिजत राहते आणि रात्री विरघळून पडते. दात काढताना सगळे ठीक होते आणि मध्यरात्री उशी लाल झाली, ही तक्रार येते ती यामुळे.

या तोट्यावरचा उपाय जपानमधून आला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ओढगस्तीत उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी संशोधनाला रक्त हा विषय निवडला, कारण साहित्य कमी पडले तर स्वतःचे रक्त काढता येईल. लहान मुलीला पाठीशी बांधून उताकोबाई प्रयोगशाळेत उभ्या राहत. बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरतात, ते थांबवणारे औषध त्यांना हवे होते. १९६२ साली त्यांनी ट्रॅनेक्झॅमिक आम्ल प्रसिद्ध केले. त्यांच्याच आधीच्या औषधाच्या २७ पट जोराचे. ते नवी गुठळी बनवत नाही, बनलेली गुठळी विरघळू देत नाही. आपल्याकडे पाळीत अंगावरून फार जायला लागले की ज्या गोळ्या देतात, त्यांतले हेच औषध.

१९८९ साली स्वीडन-डेन्मार्कच्या सिंडेट-पेडरसन आणि सहकाऱ्यांनी ते दाताच्या खळग्यात वापरून पाहिले. गोळी चालूच असलेले ३९ रोगी घेतले. १९ जणांना ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या ४.८ टक्के द्रावणाने दिवसातून चार वेळा दोन-दोन मिनिटे चूळ धरायला लावली, सात दिवस. २० जणांना तशीच दिसणारी साधी चूळ. साध्या चुळीच्या गटात ८ जणांना पुन्हा रक्त आले, औषधाच्या गटात एकाला. कोणाचीही गोळी थांबवली नव्हती. अभ्यास लहान होता, पण त्याने प्रश्नाची दिशा बदलली. गोळी थांबवायची की नाही हा मुद्दा मागे पडला आणि खळगा कसा बुजवायचा हे महत्त्वाचे झाले.

तरीही रिवाज ढिम्म हलत नव्हता. त्यावर नेटाने लिहिणारा माणूस निघाला तो अमेरिकेतल्या डेलावेअरमधला मायकेल वॉल हा दंतवैद्य. त्याने स्वतः नवा प्रयोग केला नाही; चाळीस वर्षांचे छापील वृत्तांत गोळा करून बेरीज मांडली. २००० साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेली ती बेरीज अशी. गोळी चालू ठेवून दातांची कामे केलेले ९५० हून अधिक रोगी, कामे २,४०० हून अधिक. त्यांत साध्या उपायांनी रक्त न थांबलेले रोगी १२, आणि त्या बारांतही गोळीचे प्रमाण योग्य मर्यादेत किंवा तिच्याखाली असलेले फक्त तीन. दुसऱ्या रकान्यात गोळी थांबवलेले ५२६ रोगी, थांबवण्याच्या वेळा ५७५. त्यांतल्या ५ जणांना गुठळीने गंभीर इजा झाली आणि त्या पाचांपैकी चार जण मेले.

या बेरजेवर शंका घेता येतात. जुने वृत्तांत सारख्या दर्जाचे नाहीत, आणि थांबवल्यामुळेच गुठळी झाली हे पाचही वेळा सिद्ध होत नाही. वॉलच्या लेखांतला वकिलाचा आवेशही लपत नाही. पण मला त्या दोन रकान्यांत दिसते ते असे की एका बाजूचे नुकसान बोळा आणि टाक्यांनी भरून येण्यासारखे आहे आणि दुसऱ्या बाजूचे नाही. आणि पहिले सगळ्यांना दिसते, दुसरे कोणाच्याच खात्यात जमा होत नाही. दाढेतून रक्त आले तर रोगी रात्री दहाला दातवाल्या डॉक्टरचेच दार ठोठावतो. गोळी थांबवल्यावर सहाव्या दिवशी पहाटे तोंड वाकडे झाले, तर तो मेंदूच्या डॉक्टरकडे जातो, कागदावर पक्षाघात लिहिला जातो, आणि गेल्या आठवड्यात दाढ काढली होती हे कोणी विचारतही नाही. चाळीस वर्षे गोळी थांबवण्याचा रिवाज टिकला तो या हिशेबातल्या खोटीमुळे टिकला, असे माझे मत आहे.

मधला मार्ग म्हणून काही डॉक्टर गोळी थांबवून पोटात हेपॅरिनच्या सुया देत. २०१५ साली हृदयाची लय बिघडलेल्या १,८८४ रोग्यांवरच्या ब्रिज या चाचणीत, निरनिराळ्या शस्त्रक्रियांच्या वेळी या सुयांनी गुठळ्या कमी झाल्या नाहीत, उलट मोठा रक्तस्राव १.३ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर गेला. त्याआधीच, २००७ साली, ब्रिटनच्या रक्तविकारतज्ज्ञांनी सांगून टाकले होते की आयएनआर ४ च्या खाली आणि स्थिर असेल तर दात काढण्यासाठी वॉरफरिन थांबवू नका. त्याच वर्षी अमेरिकेत हृदयरोगाच्या संघटना आणि दंतवैद्यांची संघटना यांनी एकत्र बसून हृदयाच्या धमनीत स्टेंट बसवलेल्या रोग्यांबद्दल इशारा दिला: ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या वेळेआधी तोडल्याने स्टेंट बंद पडून लोक मरत आहेत, दातांसाठी तर ती तोडूच नका. इशाऱ्यावर दंतवैद्यांच्या संघटनेचे नाव होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

२०१० च्या सुमारास डॅबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबान, ॲपिक्साबान या नव्या गोळ्या आल्या. त्यांना आयएनआर लागत नाही आणि त्यांचा अंमल साधारण दिवसभरात उतरतो. स्कॉटलंडच्या दंत-मार्गदर्शिकेने २०१५ साली आणि सुधारून २०२२ साली त्यांच्याबद्दल लिहिले: साध्या एक-दोन-तीन दाढा असतील तर थांबवू नका, काम मोठे असेल तर त्या सकाळची मात्रा चुकवा किंवा पुढे ढकला. पाच दिवसांचे नाव नाही. पण या गोळ्या धातूच्या झडपेला चालत नाहीत. डॅबिगॅट्रान तिथे देऊन पाहिले, तर गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले आणि चाचणी थांबवावी लागली.

आपल्या देशाला या शेवटच्या वाक्याचे महत्त्व जास्त. संधिवाताच्या तापाने लहानपणी झडप खराब झालेली, विशी-तिशीत धातूची झडप बसवलेली माणसे आपल्याकडे खूप आहेत. शेतात राबणारी, घर चालवणारी. ती ॲसिट्रॉम म्हणजे वॉरफरिनचीच बहीण घेतात. तिचा अंमल वॉरफरिनपेक्षा लवकर उतरतो, म्हणजे चुकवलेला प्रत्येक दिवस जास्त महाग. अशा बाईला दाढ दुखली की तिची फेरी सुरू होते. दातवाले डॉक्टर म्हणतात, हृदयवाल्यांची चिठ्ठी आणा. हृदयवाले शहरात, वेळ पंधरा दिवसांनी. तोवर कोणीतरी, बहुधा औषधाच्या दुकानातलाच, म्हणतो की गोळी बंद करा म्हणजे झाले. आणि दुखऱ्या दाढेवर मेट्रोनिडॅझोल आणि आयबुप्रोफेनचा नेहमीचा कागद लिहून मिळतो. यातले पहिले आयएनआर वर चढवते आणि दुसरे रक्तस्राव वाढवते. गोळी चालू असल्याने रक्त आले म्हणून जी प्रकरणे सांगितली जातात, त्यांतल्या काहींमागे गुन्हेगार हा कागद असू शकतो.

म्हणून ज्यांच्या घरात असा रोगी आहे त्यांना एवढे सांगतो. गोळी स्वतः बंद करू नका आणि ज्याने ती सुरू केली त्याला न विचारता दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरूनही करू नका. दाढ काढायला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम असेल तर आदल्या दिवशीचा आयएनआरचा कागद न्या. तो ४ च्या वर असेल तर दाढ त्या दिवशी निघणार नाही. टाका घालणार का, स्पंज ठेवणार का, ट्रॅनेक्झॅमिकची चूळ देणार का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल मागा. त्या दिवशी खळखळून चुळा भरू नका. आणि वेळ मिळाली तर सोमवार-मंगळवारची सकाळ घ्या. रक्त पुन्हा आलेच तर ते बहुधा त्याच दिवशी किंवा रात्री येते, आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडा असतो.